विश्लेषण : गुडघेरोपणानंतर 'सीपीएम' यंत्राची खरेच गरज असते का?

गुडघे बदलण्याची शस्त्रक्रिया झाली, रुग्ण वॉकर धरून चार पावले टाकू लागला आणि घरी सोडण्याचा दिवस आला, की नातेवाईकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. पाय आपोआप वाकवणारे ते यंत्र घरी भाड्याने घ्यायचे का? 'यंत्र नाही घेतले आणि गुडघा आखडला तर?' ही भीती खरी असते. पण जगभरातील संशोधन या यंत्राबद्दल काय सांगते, ते नेमके कोणाला उपयोगी पडते आणि कोणाचा पैसा वाया जातो, याचा हा आढावा.

सीपीएम यंत्र म्हणजे काय?

'कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन' या इंग्रजी नावाचे 'सीपीएम' हे लघुरूप. अर्थ सरळ आहे : रुग्णाने स्वतः जोर न लावता सांध्याची सतत होणारी हालचाल. गुडघ्यासाठीचे यंत्र पलंगावर ठेवले जाते. धातूच्या चौकटीवर मांडी आणि पोटरीसाठी मऊ आधार असतात आणि मध्ये गुडघ्याच्या जागी बिजागरी असते. मोटार सुरू झाली की पाय हळूहळू वाकतो आणि तितक्याच संथपणे पुन्हा सरळ होतो. किती अंशांपर्यंत वाकवायचे, किती सरळ करायचे, वेग किती आणि टोकाला किती क्षण थांबायचे, हे रिमोटसारख्या नियंत्रकावर ठरवता येते. सुरुवात साधारण ३० ते ४० अंशांपासून होते आणि रुग्णाला सोसेल तसे दररोज पाच-दहा अंश वाढवले जातात. खांदा, कोपर, मनगट आणि घोटा यांच्यासाठीही अशी यंत्रे असतात, मात्र सर्वाधिक वापर गुडघ्यासाठीच होतो.

ही कल्पना आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बराच काळ दुखावलेल्या सांध्यावरचा मुख्य उपाय विश्रांती हाच होता. हाडवैद्यांच्या घराण्यातून आलेले लिव्हरपूलचे शल्यचिकित्सक ह्यू ओवेन थॉमस यांचा तर आग्रह असे, की सांध्याला सक्तीची, अखंड आणि प्रदीर्घ विश्रांती मिळालीच पाहिजे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पाय अनेक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवणे ही रूढ पद्धत झाली.

या समजुतीला आव्हान दिले ते कॅनडातील टोरंटोच्या बालरुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांनी. मुलांच्या हाडांच्या वाढीच्या भागातील फ्रॅक्चरचे 'सॉल्टर-हॅरिस' वर्गीकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे सॉल्टर. सांधा फार काळ हलला नाही तर त्यातील कूर्चा खराब होते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांचा तर्क असा : स्थिर ठेवणे सांध्याला घातक असेल, तर हालचाल त्याला हितकारक असली पाहिजे. थोडी हालचाल चांगली असेल, तर अखंड हालचाल त्याहून चांगली असली पाहिजे. पण स्नायू थकतात, त्यामुळे अखंड हालचाल रुग्ण स्वतः करू शकत नाही; ती बाहेरूनच करून घ्यावी लागेल.

१९७० मध्ये त्यांनी सशांवर प्रयोग सुरू केले. गुडघ्याच्या कूर्चेला बारीक छिद्रे पाडून सशांचे तीन गट केले गेले. एका गटाचा पाय प्लास्टरमध्ये, दुसरा पिंजऱ्यात मोकळा आणि तिसऱ्या गटाचा पाय यंत्रावर सतत हलता. यंत्रावरील गटात जवळपास निम्मी छिद्रे मूळच्या कूर्चेसारख्या ऊतीने भरून आली. उरलेल्या दोन गटांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली राहिले. हे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९७८ मध्ये, सॉल्टर यांनी माणसांवर ही पद्धत वापरायला सुरुवात केली होती. अभियंता जॉन सॅरिंजर यांच्या साथीने माणसांसाठीची यंत्रे तयार झाली.

सांध्यासाठी हालचाल इतकी महत्त्वाची का?

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिला पोषण मिळते. सांधा वाकतो आणि सरळ होतो तेव्हा हा द्रव कूर्चेत दाबला जातो आणि पुन्हा बाहेर येतो. हालचाल थांबली की हे पोषणही मंदावते.

दुसरे कारण सांधा आखडण्याशी संबंधित आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत सांध्यात रक्त साचते. पुढच्या काही दिवसांत सूज चढते. त्यानंतर तिथे नवी, मऊ ऊती तयार होऊ लागते आणि काही आठवड्यांनी तिचे कडक व्रणात रूपांतर होते. पहिल्या दोन टप्प्यांत हालचालीने रक्त आणि सूज पंपासारखी बाहेर ढकलता येते. शेवटच्या टप्प्यात मात्र सांधा मोकळा करायला बरेच कष्ट पडतात, कधी पुन्हा भूल द्यावी लागते. म्हणूनच 'लवकर हलवा' हा सल्ला आज सर्वमान्य आहे. वाद आहे तो हालचाल यंत्राने करावी की रुग्णाने स्वतः, याबद्दल.

गुडघेरोपणात यंत्र कसे शिरले?

सॉल्टर यांचे मूळ लक्ष्य कूर्चा वाचवणे आणि ती नव्याने भरून आणणे हे होते. मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सॅन दिएगोचे रिचर्ड कौट्स यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी हे यंत्र संपूर्ण गुडघेरोपणानंतर वापरून पाहिले. त्या काळात गुडघेरोपणानंतर रुग्ण बरेच दिवस अंथरुणात असे आणि पाय पट्टीत बांधून ठेवला जाई. त्याच्याशी तुलना करता यंत्रावरचा गुडघा लवकर वाकू लागला यात नवल नव्हते. बघता बघता ते अनेक रुग्णालयांच्या नेहमीच्या उपचारांचा भाग बनले.

पुढे चित्र बदलले. वेदनाशामक पद्धती सुधारल्या. आता बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते, चालवले जाते. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवसापासून गुडघा वाकवून घेतात. म्हणजे यंत्राची तुलना आता 'स्थिर पाया'शी नाही, तर 'चालणाऱ्या पाया'शी आहे. आणि या तुलनेत यंत्राचा फायदा फारच लहान दिसू लागला.

संशोधन काय सांगते?

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये या विषयावरील आढावा अद्ययावत केला. त्यात २४ चाचण्यांतील १,४४५ रुग्णांचा समावेश होता. सर्वांना नेहमीची फिजिओथेरपी मिळत होती. काहींना त्याच्या जोडीला यंत्रही दिले गेले. यंत्र वापरणाऱ्यांचा गुडघा सरासरी फक्त दोन अंश जास्त वाकला. वेदनेत पडलेला फरक दहापैकी अर्ध्या गुणाहूनही कमी होता. चालणे-फिरणे आणि जीवनमान यांतही रुग्णाला जाणवेल असा फरक दिसला नाही. परिणाम इतके लहान आहेत की यंत्राचा नेहमीचा वापर समर्थनीय ठरत नाही, असा आढाव्याचा निष्कर्ष आहे.

एक बाब मात्र यंत्राच्या बाजूने दिसली. आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवण्याची वेळ यंत्र न वापरणाऱ्यांपैकी साधारण सात टक्के रुग्णांवर आली, तर यंत्र वापरणाऱ्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते. पण हा पुरावा कमी दर्जाचा असल्याचे त्याच आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून यंत्र उपयोगी पडते का, याचाही स्वतंत्र आढावा घेतला गेला. तसे म्हणण्यापुरता पुरावा मिळाला नाही.

दोन अंशांनी काय फरक पडतो?

सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकतो. जिने चढ-उतार करायला ९० ते १०० अंश लागतात. बुटक्या खुर्चीवरून उठायला शंभराहून थोडे अधिक. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसायला १३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. या आकड्यांच्या तुलनेत दोन अंश म्हणजे जवळजवळ काहीच नाही. कोनमापकाने गुडघा मोजताना दोन तज्ज्ञांच्या मोजणीत याहून जास्त फरक पडू शकतो.

शिवाय गुडघेरोपणानंतर पाय किती वाकेल हे बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता यावर अवलंबून असते. वर्षानुवर्षे ८० अंशांवर अडकलेला गुडघा यंत्रावर ठेवला म्हणून १३० अंश वाकेलच असे नाही. आणि तितका वाकला तरी उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालणे टाळा, असेच बहुतेक शल्यचिकित्सक सांगतात.

सशांत जमले, मग माणसांत का नाही?

याचे पहिले उत्तर सांध्यातच आहे. सॉल्टर यांच्या प्रयोगात कूर्चा भरून यायची होती. संपूर्ण गुडघेरोपणात झिजलेली कूर्चा काढून त्या जागी धातू आणि प्लास्टिक बसवलेले असते. ज्या गोष्टीसाठी यंत्र तयार झाले, ती गोष्टच तिथे उरलेली नसते.

दुसरे उत्तर स्नायूंत आहे. गुडघेरोपणानंतर रुग्ण अडखळतो तो केवळ गुडघा वाकत नाही म्हणून नाही. मांडीच्या पुढच्या भागातील क्वाड्रिसेप्स हा मोठा स्नायू शस्त्रक्रियेनंतर एकदम दुबळा होतो. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, तोल सांभाळणे हे सारे त्याच्यावर अवलंबून आहे. यंत्र पाय हलवते तेव्हा हा स्नायू काहीच काम करत नाही. त्यामुळे तासन्‌तास यंत्रावर राहूनही त्याची ताकद वाढत नाही.

तिसरे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. पडद्यावर '९०' हा आकडा दिसला म्हणजे गुडघा ९० अंश वाकला असे नसते. पाय मऊ गादीवर सरकतो, कंबर किंचित उचलली जाते, बिजागरी गुडघ्याच्या रेषेत नसते. त्यामुळे प्रत्यक्ष वाकणे आकड्यापेक्षा कमी असू शकते. पाय पूर्ण सरळ करण्याच्या बाबतीतही तेच. आणि गुडघा सरळ होणे हे वाकण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तो किंचित वाकलेलाच राहिला तर माणूस लंगडतो आणि लवकर थकतो.

वैद्यकीय संघटनांची भूमिका काय?

अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये अनावश्यक उपचारांची यादी जाहीर केली. गुंतागुंत नसलेल्या गुडघेरोपणानंतर सीपीएम यंत्र वापरू नका, हा त्यातला एक सल्ला होता. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत संघटनेने तो कायम ठेवला. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही २०१५ मध्ये म्हटले, की गुडघेरोपणानंतर या यंत्राने निष्पत्ती सुधारत नाही, याला भक्कम पुरावा आहे.

तरीही यंत्र नाहीसे झालेले नाही. अमेरिकेतील ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना 'मेडिकेअर' गुडघेरोपणानंतर दोन दिवसांच्या आत यंत्र सुरू केल्यास तीन आठवड्यांपर्यंतचा खर्च उचलते, असा तिचा जुना नियम आहे. एकदा रुळलेली पद्धत पुरावा बदलला तरी किती चिवटपणे टिकते, याचे हे उदाहरण.

भारतात खर्चाचा प्रश्न कसा?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती तेव्हा जीएसटी वगळता ५४,७२० रुपये होती. ही मर्यादा सांध्यापुरती आहे. घरी नेलेल्या यंत्राचे भाडे, त्याची अनामत रक्कम आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे शुल्क तिच्या बाहेर राहते आणि बहुतेक वेळा कुटुंबाच्या खिशातूनच जाते. म्हणून हा केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. पैसा मर्यादित असेल आणि यंत्राच्या भाड्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या भेटी कमी कराव्या लागत असतील, तर तो सौदा रुग्णाच्या तोट्याचा आहे.

मग यंत्र अजिबात निरुपयोगी आहे का?

तसे नाही. काही ठिकाणी शल्यचिकित्सक विचारपूर्वक त्याचा वापर करतात. आखडलेला गुडघा किंवा कोपर शस्त्रक्रियेने किंवा भूल देऊन मोकळा केल्यानंतर मिळालेली हालचाल टिकवणे कठीण असते. तिथे पहिल्या काही दिवसांत यंत्राची मदत घेतली जाते. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरनंतर, पायावर भार द्यायला मनाई असताना, सांधा हलता ठेवण्यासाठीही ते वापरले जाते. कूर्चेच्या दुरुस्तीच्या शस्त्रक्रियांनंतर तर कल्पना सॉल्टर यांच्या मूळ तर्काच्या सर्वांत जवळ जाते. हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडून नवी ऊती वाढवण्याच्या 'मायक्रोफ्रॅक्चर' पद्धतीत दिवसाला सहा ते आठ तास, सहा ते आठ आठवडे यंत्र वापरण्याचा सल्ला काही तज्ज्ञ देतात. या सर्व ठिकाणीही पुरावा मर्यादित आहे, पण वापरामागचे कारण स्पष्ट असते.

गुडघेरोपणातही अपवाद असू शकतात. भीतीमुळे किंवा अन्य आजारामुळे रुग्ण स्वतः व्यायाम करूच शकत नसेल, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा गुडघा आखडलेला असेल, तर डॉक्टर काही दिवस यंत्र सुचवू शकतात. मुद्दा एवढाच की 'सर्वांनाच देतो' हे पुरेसे कारण नव्हे.

यंत्राचे तोटे कोणते?

सर्वांत मोठा तोटा वेळेचा. यंत्रावर असलेला रुग्ण पलंगावर पाठीवर पडून असतो. त्या वेळेत तो चालत नाही, उठबस करत नाही. 'आज चार तास यंत्र झाले' या समाधानात खरा व्यायाम राहून जातो. टाच आणि मांडीच्या मागच्या भागावर पट्ट्यांचा दाब पडून त्वचा सोलवटू शकते. मधुमेही आणि वयस्कर रुग्णांत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. घाईने अंश वाढवले तर जखमेवर ताण येतो आणि सूज वाढते. जड यंत्र रोज उचलून ठेवणे आणि पाय त्यात नीट बसवणे हे घरच्यांसाठीही सोपे नसते.

यंत्राऐवजी काय करावे?

ज्या व्यायामांनी गुडघा खरोखर सुधारतो त्यांना वीज लागत नाही. पलंगावर बसून टाच चादरीवरून हळूहळू कमरेकडे ओढणे. खुर्चीवर बसून पाय खाली सोडणे आणि चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला हलकेच मागे ढकलणे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे, म्हणजे तो पूर्ण सरळ होतो आणि मांडीचा स्नायूही काम करतो. पाय सरळ ठेवून उचलणे. घोटे वर-खाली हलवणे. दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालणे. व्यायामाआधी वेळेवर वेदनाशामक गोळी आणि नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येते.

घराघरांत प्रेमापोटी होणारी एक चूक टाळायला हवी. दुखू नये म्हणून गुडघ्याखाली उशी दिली जाते. तात्पुरते बरे वाटते, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी.

डॉक्टरांना काय विचारावे?

यंत्र सुचवले गेले तर चार प्रश्न पुरेसे आहेत. माझ्या बाबतीत यंत्र देण्याचे नेमके कारण काय? दिवसाला किती तास आणि किती दिवस? ते घेतले नाही तर कोणते व्यायाम केले म्हणजे तोच फायदा मिळेल? गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो याची मोजणी कोण आणि कधी करणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'सगळेच घेतात' असे मिळाले, तर भाडे भरण्याआधी थांबून विचार करायला हरकत नाही.

चौथा प्रश्न विसरू नये असा. साधारण दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांच्या जवळ यावा अशी अपेक्षा असते. सहा आठवड्यांनंतरही तो तिथवर पोहोचत नसेल किंवा सरळ होत नसेल, तर 'हळूहळू होईल' म्हणत बसू नये, शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांच्या आतच अधिक परिणामकारक ठरतो. पोटरीत अचानक दुखू लागून सूज येणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप येणे ही लक्षणे दिसली तर व्यायाम आणि यंत्र दोन्ही थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.

सॉल्टर यांचा मूळ मुद्दा, म्हणजे सांधा स्थिर ठेवणे घातक आणि हालचाल हितकारक, आज सर्वांनी स्वीकारला आहे. प्लास्टर आणि सक्तीची विश्रांती मागे पडली त्यामागे त्यांच्या कामाचाही वाटा आहे. मात्र गुडघेरोपण झालेल्या बहुतेक रुग्णांसाठी ती हालचाल आता यंत्राने नव्हे, तर रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी करायची आहे. पहिले सहा आठवडे त्यासाठीच असतात.